मुद्देमाल

निळा चेक्सचा शर्ट, खिशाला शाईचा डाग.
पंचनाम्यात एवढं सरळ लिहिलंय.
दुसऱ्या डागासाठी तिथं
'सदृश' असा एक शब्द वापरलाय.

शर्ट एरंडोलला आहे, कोर्टाच्या कोठडीत,
चिठ्ठी बांधून, लाखेचा शिक्का मारून.
माझ्याकडे आल्या दोन पँटी, तीन बनियनं,
अन् लग्नातला सफारी, जो लोटनला
लग्नातसुद्धा घट्टच झाला होता.

गिरणेची वाळू कुणाची, यावरून
वरली आळी अन् खालली आळी
रात्री पात्रात उतरली.
ट्रॅक्टरचे दिवे सकाळपर्यंत जळत होते म्हणे,
बॅटऱ्या उतरेपर्यंत.
पाच माणसं गेली.
वाळू पुढल्या आठवड्यात
तिसऱ्याच गावच्या डंपरांनी नेली.

चिंधाबाईच्या आधीची चार भावंडं जगली नाहीत,
म्हणून आईनं नाव ठेवलं चिंधी.
मरणानं फाटकं समजून टाकून द्यावं.
दिलं टाकून. नवरा तेवढा नेला, अन् त्या रात्री
तिचा आधार. आधार हे पोराचं नाव.

समाजमंदिराची किल्ली तिनंच मागून आणली.
दोन्ही आळ्यांच्या बायका बसल्या तेव्हा
मधे हातभर फरशी उघडी राहिली,
चैत्रातल्या नदीसारखी.
मी ठगूबाईचे हात बघत होते.
तिचा नवरा फावडं घेऊन गेला होता त्या रात्री.
तोही परतला नाही म्हणा.

"आठे बसा," चिंधाबाई म्हणाली,
"टाके बारीक घाला.
मोठ्या टाक्यात झोपेत अंगठा अडकतो."
समजूत घातली ती एवढीच.

गोधडी काठापासून शिवत आत यायचं असतं.
चौघी चार बाजूंना बसतात,
रोज वीतभर पुढं सरकतात.
हे माझ्या लक्षात यायला पौष उजाडला.
मान वर केली तर ठगूबाईचा श्वास
माझ्या मनगटावर.
तिनं माझी सुई घेतली, दोरा ओवला,
दोऱ्याचं टोक दातानं तोडलं, सुई परत दिली.
मी 'दे' म्हटलं नव्हतं.

पहिल्या सात गोधड्या घ्यायला जळगावची बाई आली.
किलोवर भाव सांगायला लागली.
ठगूबाई अशी काही भांडली तिच्याशी,
आम्ही सगळ्या सुया तशाच धरून ऐकत राहिलो.
माझ्या वाट्याला अकराशे आले.
बँकेत सही केली. पोरीची फी भरली,
गिरणीवाल्याची उधारी मिटवली,
अन् पावशेर जिलबी घेतली. ती मी
स्टँडमागं उभी राहून एकटीनंच खाल्ली.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

लोटनची गोधडी वेगळी ठेवलीय. ती विकायची नाही.
सफारी कापताना कात्री जड गेली.
कोपऱ्यात चिंधाबाईनं भाकरीचा घास शिवला,
गोधडी उपाशी निजू नये म्हणून.
मधोमध एक चौकोन मी सोडलाय
निळ्या चेक्ससाठी.
खालचं लुगड्याचं अस्तर तिथून दिसतं.

वकील म्हणतो, निकाल लागल्यावर अर्ज करा.
केला नाही तर
मुद्देमाल नष्ट करतात, तसा नियम आहे.
निकाल कधी? तर म्हणतो, तारीख आहे.

काल ठगूबाई म्हणाली, लाव व माय काहीतरी,
थंडी तिथूनच शिरते.
अन् पिशवीतून एक तुकडा काढून ठेवला.
खाकी. बाहीचा असावा.
कुणाची बाही, ते मी विचारलं नाही.
तिनं सांगितलं नाही.

मी मापून बघितला. बोटभर कमी पडतो.

लावलेला नाही अजून. परतही दिला नाही.
माझी सुई टोचून ठेवली आहे त्यात,
हरवू नये म्हणून.
सुई.