सतरावा रकाना

फाईलमधली प्रत्येक ओळ ऐंशी अक्षरांची.
अणूचं नाव, साखळी, क्रमांक, मग क्ष, य, झ,
सगळं आपापल्या घरात,
वाशीच्या सेक्टरांसारखं आखलेलं.
सतरावा रकाना बहुतेक कोरा असतो.
मी तीन वर्षं तो कोराच आहे असं धरून चालले.

महापे एमआयडीसी, दुसरा मजला, खाली गॅस्केटचा कारखाना.
माझं काम सफाईचं:
लांबचं पाणी काढा, खिशातलं ठेवा,
हायड्रोजन लावा,
आणि एखादं सेरीन दोन जागी दिसलं तर
पहिली जागा ठेवा, दुसरी पुसा.
एका ओळीचा नियम, मीच लिहिलेला.
ए राहील. बी जाईल.
काही मोडलं नाही, म्हणून कुणी विचारलं नाही.

मग खारघरहून कुंदा घरतांचा फोन.
"तुमच्या फाईलीत माझं एक पाणी
कुणाचाही हात न धरता उभं आहे."
आवाजात राग नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

चौदा महिने त्यांनी थेंब मांडले होते,
अर्ध्या मायक्रोलिटरचे,
वीज गेली की फ्रीजला गोधडी गुंडाळत.
एक स्फटिक टिकला. नायलॉनच्या फासात उचलून
द्रव नायट्रोजनमध्ये गोठवला,
तेव्हा आतले काही रेणू असे वळलेले होते, काही तसे.
निळ्या जाळीत एकशे बेचाळीसपाशी
फांदीला दोन शेंडे.
ए बावन्न टक्के, बी अठ्ठेचाळीस.
मी अठ्ठेचाळीस टक्के पुसले होते
आणि ते पाणी बीचं होतं.

आधी दोघांना ठेवून पाहिलं.
प्रोग्रामने दोन्ही हात एकाच खांद्याला जोडले,
जिवंत कशातच सापडणार नाही
असं एक अमिनो आम्ल जन्माला घातलं
आणि हिरव्या अक्षरांत म्हणाला, यशस्वी.
मग सरासरी काढली.
दोघांच्या बरोबर मध्ये एक ऑक्सिजन बसवला,
नीटनेटका, समंजस.
तिथे कुठल्याही रेणूत कधीच कुणी नव्हतं.

संध्याकाळी हिराजी मढवी कुलूप लावायला आला.
त्याची सही आमच्या वहीत असते,
खालच्या कारखान्याच्या वहीतही,
त्याच तारखेला, त्याच वेळेला.
मला वाटलं, हाही दोन जागी.
पण नाही, ही उपमा खोटी आहे.
स्फटिकात अब्जावधी असतात, प्रत्येक एकाच जागी.
हिराजी एकच आहे
आणि जिना त्याला दोनदा चढावा लागतो.
"मॅडम, लाईट किती वाजेपर्यंत?"
म्हटलं, अजून जरा.

शेवटी दोन फाईली केल्या.
एएसोबत शेजारचं आर्जिनीनही एचंच घ्यावं लागलं,
नाहीतर दोघे एकमेकांच्या अंगात घुसतात.
बीचा शेजार वेगळा, खिसा थोडा रुंद.
सलढाणा सर म्हणाले, म्हणजे मशीनचे तास दुप्पट.
म्हटलं, हो.
ते खिडकीतून पारसिकच्या डोंगराकडे बघत राहिले,
तिथून काही सवलत मिळेल असं.

मग जुनं सगळं उघडलं.
सहाशे अकरा फाईलींत सतरावा रकाना भरलेला.
कुठे पन्नास-पन्नास, तिथेही मी पहिलाच ठेवला होता,
निव्वळ अकारविल्हे.
एका फाईलीत तर ए साठ, बी तीस.
उरलेले दहा कुठे गेले
हे मोजणाऱ्यालाही दिसलं नसणार,
निदान त्याने ते लपवलं नाही.
या खिशांत आम्ही लाखो औषधं बसवून पाहिली,
बसत नाहीत म्हणून फेकली.
त्यातली किती बीच्या दारात उभी होती
ते आता सांगता येत नाही.
सरांना तसंच लिहून पाठवलं. उत्तर यायचंय.

रात्री निघण्याआधी
बीच्या फाईलीत ते पाणी परत ठेवलं
आणि ऑक्सिजनपासून अंतर मोजलं.
दोन पूर्णांक आठ अँगस्ट्रॉम.
हात धरण्याइतकं.