मध्ये कुणी नाही

अंबडच्या कंपनीत नोटीस लागली त्या आठवड्यात
मी माशांची टाकी तीनदा धुतली.
गप्पी मासे गोंधळले बिचारे.
मग शब्दकोडी. मग कॅरम, एकट्यानंच,
दोन्ही बाजूंनी मीच, नि दोन्हीकडून हरलेला.
रात्री दोनला सोंगट्या मांडताना
शैला म्हणाली, "अहो, राणीला तरी झोपू दे आता."

सोमवारी नाही, भलत्याच एका बुधवारी
पंचवटीत स्कूटर लावली,
कपालेश्वराच्या पायऱ्या चढलो.
इथं नंदी नाही.
आत्या सांगायची,
कानात कुजबुजायला मध्ये कुणी नाही रे इथं,
जे काय असेल ते थेट.

थेट म्हणजे काय बोलायचं?
आधी हप्त्याचं आलं ओठांवर,
मग ओजसच्या फीचं,
मग एकदम
भीती वाटते, एवढंच.
शैलालाही हे सांगितलं नव्हतं.

पिंडीवर थेंब पडत होता.
त्याची लय काही बदलली नाही.
मीच तिच्याबरोबर श्वास घेऊ लागलो,
कधी, ते कळलं नाही.

नोटीस अजून गेटवर आहे.

घरी येऊन सोंगट्या डब्यात भरल्या.
माशांना चिमूटभर खाणं टाकलं.
पाणी जरासं गढूळ होतं.
राहू दिलं.