नेझाची नडगी

डॉक्टर ओमाननी फिल्म खिडकीला धरली.
मागे क्रान्यचा बर्फ, दूर स्की-उडीचा उतार.
"केसाएवढी चीर. सहा आठवडे विश्रांती."

ही तिसरी. आधीच्या दोन्ही भरल्या तेव्हा
आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

मी नुसता मालीश करणारा.
हिचे पाय जुलैतही गार असतात,
एवढंच बोललो, तेही चाचरत.

आहारवाल्या ब्रेदाबाईंनी विचारलं,
"सकाळी काय खाल्लंस?"
नेझानं कोचकडे पाहिलं. "सफरचंद."
"अख्खं?"
ती गप्प.

ल्युब्लियानाहून आलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी
आम्हा पुरुषांना बाहेर काढून दार लावलं.
परत आत गेलो तेव्हा नेझा स्वतःच म्हणाली,
"अकरा महिने. मला वाटलं, बरंच झालं,
कटकट गेली."

ओमाननी फिल्म पुन्हा उचलली.
या वेळी चीर सोडून हाड पाहिलं.
"विरलंय," म्हणाले, "धुऊन धुऊन
धोतर विरावं तसं."
एकोणीस वर्षांचं हाड.

कोच उठला, वजनकाटा काखोटीला मारून
गाडीत टाकून आला. कुणी काही बोललं नाही.

ब्रेदाबाईंनी डबा उघडला.
नेझानं अर्धा पाव खाल्ला.
उरलेल्या अर्ध्याकडे आपण बघत नाही
असं आम्ही पाचही जण
दाखवत राहिलो.