पाटो, पाचवा मजला

फेलोशिपचा तिसरा आठवडा.
इव्हेट मॅडमनी पेन्शन फंडाची शीट उघडून दिली:
तीस वर्षांचा रकाना भर.
मी बावीसची. आजवर फार तर
मोबाईलचे हप्ते फेडलेत.

खिडकीखाली ओहोटीचा चिखल.
पलीकडे, इथून दिसत नाही, दिवाडी,
बाबांचं खाजन, मानशीचं लाकडी दार.
गावकरीच्या वहीत त्याचा खर्च,
आधी पोर्तुगीजमध्ये, मग मोडक्या मराठीत;
सही करणाऱ्यांपैकी कुणीच
ते कुजेपर्यंत थांबलं नाही.

फोन लावला. "बाबा, दाराचा परतावा किती?"
"खारं पाणी शेतात आलं नाही."
"आणि?"
"आणि काय गो?"

रकान्यात शून्य टाकलं.
खोडलं.
मॅडम मागून म्हणाल्या, जेवायला येतेस?
भरती लागायला अजून तासभर होता.