एक थाप

ढोल सागाचा. आजोबांनी कोरला
तेव्हा आमच्या घरात बायबल नव्हतं.
चामडं बोकडाचं, कुठल्या नवसाचं
ते कुणी विचारलं नाही.
मी धूळ पुसली, तेल दिलं, दोऱ्या आवळल्या
आणि नाताळच्या आदल्या रात्री
रंगावलीकाठच्या आमच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात आणला.

लाकूड ते लाकूड. कातडं ते कातडं.
त्यात कुणी बसलेलं नसतं, हे मला ठाऊक होतं,
आणि ठाऊक असल्याचा थोडा माजही होता.

दुसऱ्या गीताला पोरं उठली,
पायांनी आपोआप गोल धरला.
तिसऱ्या रांगेत, चटईवर, वेस्त्याबाबा:
चाळीस वर्षं ज्याच्या अंगात डोंगर यायचा,
ज्याच्या हातून गावाचं पहिलं कोंबडं कापलं जायचं,
जो एका उन्हाळ्यात
मोरपिसांची जुडी नदीत सोडून
येशूकडे आला, रिकाम्या हातांनी.

त्याचा गुडघा हलू लागला. आधी एक. मग दोन्ही.
जाखाबाईने त्यांवर हात ठेवला,
उतू जाणाऱ्या भांड्यावर झाकण दाबावं तसा.
मी बघितलं.
आणि आणखी दोन फेरे वाजवले.

एवढी एक ओळ लिहायला
मला सहा वर्षं लागली.

बाहेर हापशाखाली डोकं धरून तो उभा होता,
त्या थंडीत.
मी वचनं घेऊनच गेलो होतो, अध्यायांसकट.
तो म्हणाला, "तुझा ढोल खोटा नाही रे पोरा.
तुला तो नुसता वाजतो.
मला हाक मारतो, जुन्या नावाने.
तोंडाने मी कधीच नाही म्हटलंय.
गुडघे अजून शिकतायत."

त्याच्या कानांमागून पाणी गळत होतं.
माझ्याजवळ उत्तर होतं. बरोबरही होतं.
ते मी तसंच परत घेऊन आलो.

ढोल माळ्यावर गेला, तुरीच्या पोत्यांमागे.
पोरं चिडली: एका म्हाताऱ्यापायी किती दिवस?
नवापूरहून हप्त्यावर की-बोर्ड आला,
वीज गेली की मुका.
मीही काही संत झालो नाही.
घमेल्यावर, बांधावरच्या पाइपावर,
गाडीच्या साट्यावर बोटं चालूच राहायची.
कधी मनात यायचं, हा म्हातारा एकदाचा...
आणि त्याच रविवारी तो
माझ्या मुलीच्या तापासाठी
सगळे उठून गेले तरी टेकलेला असायचा.
त्याच गुडघ्यांवर.

गेल्या माघात घरी आला, काठी टेकत.
वर बघून म्हणाला, "ओल धरली असेल. खाली काढ."
चुलीपुढे बसून ढोल पुढ्यात घेतला,
हळूहळू फिरवत राहिला, चामडं आचेला दाखवत,
अंगठ्याने चाचपत, कान लावत,
तान्ह्याचं फुगलेलं पोट बघावं तसा.
"वाजवू नको म्हणालो," तो पुटपुटला,
"मरू दे असं कुठे म्हणालो?"

खरं तर तो कधीच
वाजवू नको म्हणाला नव्हता.

मग एक थाप.
हलकी, बोटांच्या टोकांची.
तव्यावरची भाकर क्षणभर थांबली,
बायको वळून बघू लागली,
आणि आम्ही दोघांनीही
त्याच्या गुडघ्यांकडे बघितलं.

बराच वेळ तो तसाच बसून राहिला.
मग ढोल माझ्याकडे सरकवला.
"आज एवढंच," म्हणाला,
आणि काठी शोधू लागला.