भरताचं वांगं

आठवडे बाजारात बामणोदची वांगी उतरली
की कोकिळामामी गोणीपाशी फतकल मारते.
लक्ष तिसरीकडेच, केळीच्या भावात, कुणाच्या सुनेत,
बोटं मात्र कामावर.
तीन बोटं चपटी धरून, देठापासून बुडापर्यंत
गोल गोल,
दाबायचं नाही, नुसतं विचारायचं.
हे जड, बियांचं. हे आतून किडकं.
हे घे, हलकं आहे, पऱ्हाटीच्या काड्यांवर झकास भाजेल.

मी त्याच गावची आशा.
चार वर्षं पिशवीत तक्ता घेऊन फिरते.
त्यावरच्या बाईला तोंड नाही,
नुसते खांदे, दोन छात्या आणि बाण.
अंगणवाडीत तो उघडला की
कुणी दार लोटते,
कुणाला चुलीवरचं दूध आठवतं.
आणि मग जे ऐकू येतं
त्याला माझ्या वहीत रकाना नाही:
'दुखत नाही, मंग कायले दाखवू?'
'चार लेकरं अंगावर पाजली मी, मले नाही होनार.'
'दुधाची गाठ असंन. राहून गेली असंन.'
'हात लावला की जागी होते म्हने.'
'तिन्हीसांजा नाव नको घेऊ व बाई.'
नाव घेतच नाहीत. म्हणतात, तो आजार.
नवऱ्याला 'ते' म्हणतात, तसं.

वत्सलाकाकूला वारं धरलं होतं. असंच सांगायचे.
एरंडाची पानं शेकून बांधली, हळद झाली,
मंतरलेला दोरा झाला.
मग केळीची कापणी आली, मग दिवाळी,
मग धाकटीची सोयरीक. अशात कोण आपलं काढतं?
जळगावला नेली तेव्हा डॉक्टरीणबाईनं
एकच विचारलं, कधीपासून?
काकूनं हिशेब केला, म्हणाली,
नवती केळ निसवली तेव्हापासून.
डॉक्टरीणबाईला तो महिना कळला नाही.
आम्हाला सगळ्यांना कळला.

या खेपेला मी तक्ता नेलाच नाही.
सतरंजीवर दोन किलो वांगी ओतली.
म्हटलं, मामी, या पोरींना शिकवा.
हसल्या सगळ्या.
मामीनं तीन बोटं चपटी धरली.
बस, म्हटलं, एवढंच. पाळी संपली की चार दिवसांनी.
पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरायची.
आणि दुखत नाही म्हणून गप्प बसायचं नाही,
काकूचीही दुखत नव्हती.
हसणं थांबलं. लीलाबाईनं बांगड्या कोपराकडे सारल्या.
मामी देठाचा काटा नखानं काढत होती.
वर न पाहता म्हणाली,
'अन् तू पाह्यतेस का व तुझी, कुंदा?'

वहीत सत्तेचाळीस नावांपुढे
माझ्याच अक्षरात 'माहिती दिली' आहे.
त्यात कुंदा भंगाळे नाही.

रात्री न्हाणीची कडी लावली.
वाटलं होतं लाज वाटेल.
तसं काही झालं नाही. उलट परकं वाटलं,
शेजारच्या बाईचं अंग असावं तसं,
बेचाळीस वर्षं एकाच घरात राहून.
डावीकडे काही नाही.
उजवीकडे काखेजवळ बोट थांबलं,
पुढे गेलं,
परत आलं.
बाहेरून सासूबाई ओरडल्या, पाणी निवतंय.
हो, म्हटलं. निवू दे.

सकाळी मामीच्या ओट्यावर गेले.
म्हटलं, सोमवारी यावलला जाऊ, सोबत याल?
तिनं सूप बाजूला ठेवलं.
'येते. मलेबी दाखवनं आहे.
आठ महिने झाले.'
मी तिच्या बोटांकडे बघत राहिले.
'अशी काय पाह्यतेस? वांग्याचं कळतं व मले.
मंग हे नसंन कळलं?'

सोमवारी फाट्यावर ती माझ्याआधी उभी होती,
धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी.
आत डॉक्टरीणबाईसाठी चार वांगी,
हलकी बघून.