क्रॉसिंग

आंबेखोलला गाडी थांबत नाही.
वेळापत्रकात आमच्या नावासमोर
एक आडवी रेघ आहे,
दाराला लावलेल्या कडीसारखी.

अर्ज मी लिहितो.
अक्षर बरं, म्हणून माझ्याकडे आलं हे काम.
आजवर अकरा झाले.
अकराव्याला उत्तर आलं :
सदर स्थानकावर प्रवाशांची मागणी
अपुरी आढळल्याने
थांबा देणे तूर्त शक्य नाही.
'तूर्त' हा शब्द यशवंती धुरीला आवडला.
म्हणाली, "दार पुरा लावलेला नाय, बघ."

मागणी कुठे मोजतात?
तिकीट फाडतात तिथे.
आणि आमची तिकिटं कणकवलीची.
पनवेलला उतरणारा आमचा प्रत्येक माणूस
कागदावर कणकवलीत जन्मतो.
चतुर्थीनंतरच्या परतीसाठी
आम्ही तिथल्या सायबर कॅफेत जाऊन बसतो,
आठ वाजायची वाट बघत.
आठ वाजून तीन मिनिटांनी
वेटिंग दोनशे एकसष्ट.
एवढी माणसं.
आणि आंबेखोल : शून्य.

आता खरी गोष्ट.
गाडी थांबत नाही, पण उभी राहते.
रूळ एकेरी. आमची रात्रीची गाडी
चाळीस मिनिटांहून जास्त रखडली
की मुंबईकडून येणारी सुपरफास्ट
तिला इथेच गाठते,
मग हिला लूपवर बाजूला घेतात.
अठरा मिनिटं. कधी पंचवीस.
त्या बाजूला फलाट नाही, खडी आहे.
खडीवर आम्ही बालवाडीचं बाकडं ठेवतो
आणि माणसं वर चढवतो.
आधी बोचकी, मग म्हाताऱ्या,
मग हसीना मुकादमचा सुकटीचा डबा,
ज्याच्या वासाने अख्खा डबा जागा होतो.
पॉइंट्समन गावस दिवा खाली धरतो
आणि दुसरीकडे बघतो.

रोज संध्याकाळी त्याला एकच प्रश्न :
"लेट हा मा रे?"
"एक तास धा."
की सगळ्यांचे चेहरे उजळतात.
देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणारे
आमच्यात कमी नाहीत :
ह्या गाडयेक खयतरी अडकव, म्हाराजा.
व्हय म्हाराजा.

मंगळवारी इनासच्या आईला न्यायचं होतं.
परळला, बुधवारी साडेदहाला.
तीन महिन्यांनी मिळालेला नंबर.
बाकडं ठेवलं. आंजेलिनआजीला त्यावर बसवलं,
कानटोपी घालून,
मांडीवर एक्स-रेचं पाकीट.
गावस आला. आज दिवा वर होता.
"राइट टायम," म्हणाला,
त्याचीच काही चूक असल्यासारखा.

नऊ वाजून दहा.
आली तशीच गेली, मेन लाइनवरून,
खिडक्यांचा उजेड एकात एक मिसळत.
आत कुणीतरी फोनवर सांगत असेल घरी,
वेळेवर आहे रे, जेवायला थांबा.
खरंच चांगली बातमी होती ती,
महिनाभरात पहिलीच.
शेवटच्या डब्यातून गार्डाने
हिरवा दिवा हलवला,
नीट, नियमाप्रमाणे.
त्या उजेडात त्याला आम्ही दिसलो असू,
सात माणसं, एक बाकडं.
त्याने मोजलं असेल काय?

आंजेलिनआजी रुळांकडे बघत राहिली.
"बरी धावता रे," म्हणाली.
इनास टेम्पो शोधायला गेला.
तो मिळेपर्यंत
गाडी चिपळूण सोडून गेली असेल.

बारावा अर्ज मी त्याच रात्री लिहायला घेतला.
महोदय,
आपली गाडी दररोज
किमान पंचेचाळीस मिनिटे उशिरा धावेल
याची कृपया खात्री द्यावी.
वाचून बघितला. अक्षर बरं आलं होतं.
खाली सह्यांसाठी जागा सोडली.
किती सोडावी ते कळेना.
आम्ही शून्य आहोत,
पण सही करताना दाटी होते.